काटा चुकतोय की इंजिन तापतंय? जुन्या गाडीच्या टेम्परेचर गेजची तपासणी, पायरी पायरीनं

आमच्या घरी बाबांनी घेतलेली अँबॅसेडर आहे. दोन उन्हाळे तिचा टेम्परेचरचा काटा ‘एच’ला (हॉट, म्हणजे गरमच्या टोकाला) जाऊन टेकायचा. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत तर हमखास. गॅरेजमध्ये सांगितलं, रेडिएटर चोक आहे. तो उघडून साफ केला. मग वॉटर पंप बदलला, मग पंख्याचा पट्टा, मग हेडचं पॅकिंगसुद्धा. काटा जिथल्या तिथे. शेवटी दोष सापडला तो डॅशबोर्डच्या मागे, एका ढिल्या स्क्रूत. इंजिन त्या दोन्ही उन्हाळ्यांत एकदाही जास्त तापलेलं नव्हतं.

जुनी गाडी नव्यानं हातात आलेल्या माणसाला हा खर्च आणि ही घालमेल टाळता यावी म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे. क्रम बदलू नका. प्रत्येक पायरी पुढचा अर्धा गोंधळ कमी करते.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण ओम (विजेचा रोध) आणि डीसी व्होल्ट नीट दाखवणारा हवा.
- इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे बंदुकीसारखा दुरून तापमान सांगणारा.
- काचेचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर, ० ते ११० अंशांचा. शाळा-कॉलेजला सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. ताप बघायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही.
- १२ व्होल्टचा टेस्ट बल्ब, मगरचिमटे लावलेल्या दोन-तीन वायरी, पॉलिश पेपर, पितळी ब्रश.
- एक जुनं पातेलं. स्वयंपाकघरातलं रोजचं घेऊ नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, आणि ते सेंडरला (इंजिनात बसवलेल्या, काट्याला तापमान कळवणाऱ्या भागाला) चिकटून पातेल्यात उतरतं.
- तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल, निदान वायरिंगचा नकाशा. यातलं एकच काही जमवता येणार असेल तर नकाशा जमवा.

सुरू करण्याआधी एक बघून ठेवा: बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे? ब्रिटिश वंशाच्या पुष्कळ गाड्यांत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. मधल्या काळात कुणी ते बदललेलंही असू शकतं. म्हणून पुस्तकावर विसंबू नका, बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा.

१. काट्याकडे बघू नका, इंजिनाचं खरं तापमान मोजा

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर त्याला रेडिएटरकडे जाऊ देणाऱ्या झडपेच्या) घरावर, म्हणजे वरचा होज पाइप जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे, इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. पंखा आणि पट्टा चालू असतो, तेव्हा ओढणी, सैल बाही, घड्याळाचा पट्टा सांभाळा.

इथे पहिला सापळा आहे. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकीचं, बहुतेक वेळा बरंच कमी तापमान दाखवतो. गाडी थंड असताना त्या जागेवर काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका द्या, नाहीतर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, आणि तिथेच मोजा. रेडिएटरच्या वरच्या टाकीला काळा रंग असेल तर तिथलं मापही घ्या.

थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल (आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो) तर चालत्या गाडीत ८० ते ९० अंश हे निरोगी माप. मे महिन्यात, ४१-४२ अंशांच्या उन्हात, पलासियाच्या सिग्नलवर उभं राहिलात तर आणखी थोडं वर जाईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रेडिएटरच्या झाकणावर पौंडांचा, म्हणजे ते किती दाब धरतं त्याचा, आकडा असतो. ७ पौंडांचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण ११० अंशांपर्यंत उकळत नाही.

आता तुमच्या हातात उत्तर आहे. थर्मामीटर ८५ म्हणतो आणि काटा ‘एच’वर आहे, तर दोष काट्याच्या साखळीत आहे, पुढे वाचा. थर्मामीटरही १०५ म्हणत असेल तर काटा खरं सांगतोय. इंजिन बंद करा, आधी कूलिंग दुरुस्त करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, कापड धरूनसुद्धा नाही.

तिसरी शक्यता: काटा ‘सी’च्या (कोल्ड, म्हणजे थंडच्या टोकाच्या) आसपास रेंगाळतो आणि थर्मामीटरही ६०-६५ दाखवतो. मग थर्मोस्टॅट आहे का ते बघा. आपल्याकडे जुन्या गाड्यांतून तो काढून टाकायची पद्धतच पडली आहे. “भिया, इत्ती गर्मी में थर्मोस्टेट का क्या काम” हे मी इंदूरमध्ये किमान चार मिस्त्र्यांकडून ऐकलं आहे. मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट इंजिनाला गरम करत नाही, त्याला ठरलेल्या तापमानाला लवकर पोहोचवतो आणि तिथे टिकवतो. तो नसला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर झिजतात. डिसेंबरातल्या माळव्याच्या सकाळी तर फारच.

२. गेजची जात ओळखा

चुकीच्या जातीवर चुकीची परीक्षा केली तर चांगला गेज जळू शकतो. जाती तीन.

पहिली, कॅपिलरीची. गेजच्या मागे विजेची वायर नसते (दिव्याची सोडून). एक बारीक तांब्याची नळी थेट इंजिनापर्यंत गेलेली असते. टोकाच्या बल्बमध्ये ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव असतो. तापला की दाब वाढतो आणि गेजमधली वाकडी नळी सरळ व्हायला बघते, त्यावर काटा फिरतो.

दुसरी, गरम पट्टीची. दोन धातूंच्या जोडपट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. ओळख सोपी: किल्ली फिरवल्यावर काटा झटक्यानं न उठता सावकाश, पाव-अर्ध्या मिनिटात चढतो. या जातीला स्थिर व्होल्टेज लागतं, म्हणून सोबत स्टॅबिलायझर असतो.

तिसरी, चुंबकी गुंडाळ्यांची. किल्ली फिरवताच काटा टुणकन जागेवर जातो. याला सहसा स्टॅबिलायझर नसतो.

आमच्या गाडीत दुसरी जात आहे आणि बहुतेक गोंधळ तिच्यातच होतो, म्हणून पुढचा मजकूर मुख्यतः तिच्याबद्दल. कॅपिलरीवाल्यांनी थेट आठव्या पायरीवर जावं.

३. पेट्रोलचा काटा काय म्हणतो?

या पायरीला एकही हत्यार लागत नाही, आणि माझे सगळे पैसे हिनं वाचवले असते.

टेम्परेचर आणि पेट्रोल हे दोन्ही गेज सहसा एकाच स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही काटे एकाच दिशेनं चुकत असतील तर दोष इंजिनाकडे नाही आणि टाकीकडेही नाही, दोघांच्या सामाईक पुरवठ्यात आहे. आमच्या गाडीत टाकी अर्धी असताना काटा पाऊणच्या वर दाखवायचा. “जुनी गाडी आहे, असं चालायचंच” म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

- दोन्ही जास्त दाखवतात: स्टॅबिलायझर किंवा त्याचं अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी. पाचवी पायरी.
- दोन्ही कमी दाखवतात किंवा मेलेले आहेत: फ्यूज, पुरवठ्याची वायर, स्टॅबिलायझर.
- फक्त टेम्परेचर जास्त: सेंडरची वायर कुठेतरी घासून इंजिनाला किंवा बॉडीला लागते आहे, किंवा सेंडर चुकीचा आहे.
- फक्त टेम्परेचर कमी: सेंडरच्या टोकावर गंज, इंजिनाचं अर्थिंग, किंवा सेंडरच.

४. अर्थिंग

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलं आहे आणि जोडणारी गोष्ट एकच, ती तांब्याची विणलेली पट्टी. सेंडरचा करंट इंजिनातून त्या पट्टीनंच परततो. पट्टी गंजली की वाटेत जास्तीचा रोध येतो, आणि काट्याला वाटतं इंजिन थंड आहे.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूवर, दुसरं बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकावर. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. दशांश दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर पट्टीची दोन्ही टोकं सोडवा, पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, परत घट्ट आवळा. विणीचे तार तुटले असतील तर नवीच घाला, स्वस्त असते. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा हलतो, ही खराब अर्थिंगची घरबसल्या कळणारी खूण आहे.

५. स्टॅबिलायझर

डॅशबोर्डच्या मागे, बहुतेक वेळा मीटरच्या पाठीला किंवा फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी असते. ‘बी’ म्हणजे येणारा पुरवठा, ‘आय’ म्हणजे गेजकडे जाणारा. तिसरं टोक अर्थिंगचं, आणि पुष्कळदा ते म्हणजे डबीचं अंगच, ज्या स्क्रूनं ती बसवली आहे त्यातून.

आत संपर्क उघडझाप करतो. १२ व्होल्ट कधी जातात, कधी नाही, आणि सरासरी १० व्होल्ट पडते. गरम पट्टीचा गेज इतका सावकाश असतो की त्याला ही उघडझाप जाणवतच नाही, सरासरीच कळते. पण हे होण्यासाठी डबीला अर्थिंग हवं. अर्थिंग तुटलं की आतली तार तापत नाही, संपर्क उघडत नाही आणि गेजला सरळ १२-१४ व्होल्ट मिळत राहतात. दोन्ही काटे वर. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. स्क्रूखाली रंग आणि गंज. खड्ड्यात गाडी आदळली की कधी जोड लागायचा, कधी सुटायचा, म्हणून दोष रोज वेगळा दिसायचा.

तपासणी टेस्ट बल्बनं करा. ‘आय’ आणि बॉडीमध्ये बल्ब लावा, किल्ली फिरवा. सुरुवातीला काही सेकंद सलग पेटेल, मग लुकलुकायला हवा. सलग पेटलेलाच राहिला तर आधी अर्थिंग घासून बघा, तरीही तेच तर डबी गेली. इथे डिजिटल मल्टिमीटर घोटाळा करतो: त्यावर ०, १२, ७ असे आकडे नाचतात आणि माणूस चांगली डबी फेकून देतो.

डबी खरोखरच गेली असेल तर जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८१० नंबरची आयसी मागा. तीन पायांची असते, स्थिर १० व्होल्ट देते. मधला पाय आणि पाठीची पत्री अर्थिंगची, म्हणून ती बॉडीच्या स्वच्छ पत्र्यावर स्क्रूनं आवळली की उष्णताही निघून जाते. दुकानदार सहज ७८१२ हातात ठेवतो, कारण तिला मागणी जास्त. नंबर वाचून घ्या. आणि ही जोडणी फक्त निगेटिव्ह अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला असलेल्या, गाडीसाठी आहे.

६. सेंडर पातेल्यात

दोन्ही काटे एकत्र चुकत नसतील आणि अर्थिंगही ठीक असेल तर आता सेंडर. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याच्या १४८९ सीसी इंजिनात तो हेडच्या पुढच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो. मिस्त्री त्याला ‘वॉटर सेंसर’ किंवा नुसतं ‘बल्ब’ म्हणतात.

काढण्याआधी झटपट परीक्षा: किल्ली चालू, सेंडरची वायर काढून हवेत धरा. काटा ‘सी’ला जायला हवा. मग ती क्षणभर इंजिनाला टेकवा. काटा ‘एच’कडे निघाला की लगेच उचला. पूर्ण ‘एच’पर्यंत वाट बघत बसलात तर गेजमधली बारीक तार जळते. या परीक्षेनं वायर आणि गेज जिवंत आहेत एवढंच कळतं. बरोबर आहेत की नाही ते कळत नाही. पुष्कळजण इथेच थांबतात आणि फसतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, रेडिएटरचं पाणी सेंडरच्या पातळीखाली काढा, योग्य मापाच्या पान्यानं सेंडर सोडवा. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलंत तर बरं. टोकावर पांढरा चुना जमलेला दिसेल. आपल्याकडे बोअरिंगचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणाऱ्यांच्या सेंडरवर तो जाड असतो. चुन्याच्या थरातून उष्णता उशिरा पोहोचते. पितळी ब्रशनं साफ करा.

आता पातेलं. सेंडरचं पितळी टोक पाण्यात, वायरीचं टोक कोरडं, आणि तळाला न टेकता तारेनं लटकवलेला. तळ पाण्याहून गरम असतो. थर्मामीटरचा बल्बही त्याच खोलीवर. मीटर ओमवर, एक चिमटा टोकाला, दुसरा पितळी अंगाला. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून त्यांचाच रोध बघा आणि पुढे तो वजा करत जा. कमी ओमवर एवढ्यानंही फरक पडतो.

पाणी उकळू द्या. थर्मामीटर १०० दाखवणार नाही, म्हणून तो बिघडला असं समजू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर आहे का, हे तपासायची ती उलट सोयच आहे.

मग गॅस बंद करा आणि पाणी निवताना आकडे घ्या: ९५, ९०, ८५, ८२, ७०, ६०, ४०. तापवताना घेतलेले आकडे घाईचे असतात, निवतानाचे खरे. पाणी चमच्यानं हलवत राहा. ओम तापमानाच्या उलटे चालतात: थंड असताना काहीशे, उकळत्या पाण्यात दोन आकडी. खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत रोध साधारण सात ते दहा पट घसरायला हवा, आणि वाटेत कुठेही उडी नको. मधेच आकडा अडखळला, नाचला, तर सेंडर बदला. सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या पायरीला लागतील.

त्याच पाण्यात, परत तापवून, थर्मोस्टॅटही बघून घ्या. ८२चा असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागावा आणि निवताना पूर्ण मिटावा.

नवा सेंडर घेताना मोठा धोका असा की आटे जुळले म्हणजे पार्ट जुळला, असं दुकानात सांगतात. दुसऱ्या गाडीचा सेंडर त्याच भोकात घट्ट बसतो आणि रोध मात्र निराळाच असतो. नवा सेंडरही बसवण्याआधी पातेल्यातून काढा. वही सोबत असेल तर पाच मिनिटांत कळतं.

७. गेजची खरी परीक्षा

वहीत ८२ अंशांना जो ओमचा आकडा आहे, तेवढ्या रोधाचा रेझिस्टर आणा, २ वॅटचा. नेमका नसेल तर दोन जोडून बनवा. सेंडरच्या वायरीत आणि इंजिनाच्या स्वच्छ धातूत तो लावा, किल्ली चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा. आता काटा जिथे उभा आहे ती तुमच्या गेजची ८२ची जागा. तसंच ९५चं करा.

पण किल्ली चालू आणि इंजिन बंद अशा अवस्थेत पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी जुन्या धर्तीचे काँटॅक्ट पॉइंट असलेल्या) गाडीची इग्निशन कॉइल तापून जाते. आधी कॉइलकडे येणारी पुरवठ्याची वायर काढा आणि टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवा. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं सांगितली, नाहीतर माझी कॉइल त्याच दिवशी गेली असती.

काटा दोन्ही वेळा एकाच बाजूला आणि साधारण सारखाच चुकत असेल तर गेज उघडू नका. काचेवर दोन बारीक ठिपके द्या, एक ८२चा, एक ९५चा. जुन्या गेजवर आकडे नसतात, नुसतं ‘सी’ आणि ‘एच’ असतं. हे ठिपके त्याला आकडे देतात. मात्र ८२ला एक आणि ९५ला भलतीच उडी असं होत असेल तर गेज मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

८. कॅपिलरीवाल्यांसाठी

इथे व्होल्ट-ओम काही नाही. पूर्ण गेज, नळी आणि बल्ब एकत्र काढायचे आणि बल्ब पातेल्यात सोडून काटा थर्मामीटरशी ताडून बघायचा. काढताना नट सोडवा, पण नळीला पीळ पडू देऊ नका. एका हातानं बल्ब स्थिर धरा. बल्ब हेडमध्ये चिकटला असेल तर तेल मारून दिवसभर थांबा, ओढू नका. नळीला केसाएवढी चीर पडली की आतला द्रव उडून जातो, काटा तळाला पडतो आणि पुन्हा उठत नाही. तो द्रव भरणं घरी करायचं काम नाही. ईथर ठिणगीनं पेटतं. बसवताना जास्तीच्या नळीची दोन-तीन इंचांची सैल वेटोळी ठेवा, म्हणजे इंजिनाचा हादरा तिच्यावर येत नाही.

९. परत बसवणं

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका, अर्थिंग तिथूनच जातं. पाणी गळत असेल तर वॉशर बदला. रेडिएटर तयार कूलंटनं किंवा डिस्टिल्ड पाणी मिसळलेल्या कूलंटनं भरा, बोअरिंगचं पाणी नको. झाकण उघडं ठेवून, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडून, इंजिन मंद चालू द्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा. सेंडरभोवती हवा अडकली तर एवढी मेहनत करूनही काटा चुकेल.

१०. भेरूघाट

शहरातल्या चकरांनी समाधान मानू नका. आम्ही गाडी खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे भेरूघाटात नेतो. चढावर काटा ८२च्या ठिपक्यावरून हळूहळू वर सरकायला हवा, ९५च्या अलीकडे राहायला हवा, आणि उतार लागला की सावकाश मागे यायला हवा. चोरलला थांबून काळ्या ठिपक्यावर थर्मामीटर धरा आणि काट्याशी ताडून बघा.

आणि चढत असताना काटा एकाएकी खाली पडला, तर सुटलो असं समजून पुढे जाऊ नका. पाणी निघून गेलं की सेंडर कोरडा पडतो. त्याच्याभोवती नुसती वाफ किंवा हवा असते, आणि काटा थंड दाखवतो, तेही इंजिन सर्वांत जास्त तापलेलं असताना. गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडून ठेवा आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. निवल्यावर आधी वरचा होज पाइप बघा, मग खालचा, मग पंपाच्या खालची गळती. थंड पाणी हळूहळू आणि इंजिन चालू करूनच ओता. तापल्या हेडवर एकदम पडलं तर ते तडकतं.